कललेली रोपं

तिने ट्रे ओट्यावर जवळजवळ आपटलाच. टोमॅटोची रोपं सुतासारखी बारीक, लांबलचक झाली होती आणि सगळी एका बाजूला कललेली. चूक तिचीच. ट्रेवरचा दिवा गेला, तो बदलायला तिने चालढकल केली. उजेड कमी पडला की रोपं तो शोधत अशीच मरतुकडी वाढतात, हे काय तिला ठाऊक नव्हतं?

पण कलली होती ती भलतीकडेच. कालच तिने ट्रे फिरवून त्यांची तोंडं खिडकीकडे केली होती. आज ती पुन्हा समोरच्या बेडरूमकडे वळली होती आणि तिथले पडदे तर दिवसभर ओढलेले असतात. रोप आपलं उजेड दिसेल तिकडे वळतं, माणसासारखं तोंडदेखलं वागत नाही.

घरात माणसं दोनच. ती दिवसभर औषधांच्या दुकानात, नवरा तिच्याही आधी ऑफिसला. मग आत दिवा लावतं कोण? किल्ली कुणाच्या तरी हाती लागली असणार.

नवरा ऐकून हसला.

"रोपांची साक्ष काढतेस? उद्या ट्रे घेऊन पोलिसांकडे जा."

दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय सांगून ती दुपारीच निघाली. शेजारच्या काकांना काठीसकट दाराबाहेर उभं केलं आणि हळूच आत शिरली. बेडरूमचं दार उघडंच होतं. ट्यूब चालू.

पलंगाच्या कडेला नवरा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. चोर परवडला असता.

"केव्हापासून?"

"तू बी पेरलंस ना, त्याच्या आधीपासून."

"मग काल जेवताना साहेबांची नक्कल केलीस ती? मी हसून हसून..."

"इथे बसून सुचतं काहीतरी," तो बुटांकडे बघत म्हणाला. "तू हसतेस म्हणून..."

तिला खूप राग आला आणि रडूही आलं.

"काय गं, आहे का कुणी आत?" बाहेरून काकांनी हाक मारली.

नवऱ्याने मान वर केली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग हात लांब करून ट्यूबचं बटण बंद केलं.

"कुणी नाही काका," ती म्हणाली. "दिवा तेवढा चालू राहिला होता."