पाच तारखेची सही

"ताई, मशिन बिघाडलंय व्हय तुमचं? ह्या म्हैन्यात बी पैसं न्हाईत!"

बाळाबाईनं काउंटरवर पासबुक आपटलं, तेव्हा शिवलीलाच्या हातात नेमकं ते परत आलेलं पत्र होतं. बाळाबाईच्या नवऱ्याला, शिरोळच्या जोतीरामला, बँकेनंच ते पाठवलं होतं. खात्यात शिल्लक नाही, पैसे भरा. पाकिटावर पोस्टमननं निळ्या शाईत लिहिलं होतं, 'मालक मयत. गेल्या वर्षी चैत्रात.'

शिवलीलानं ते पुन्हा वाचलं. गेल्या वर्षी? आणि पैसे तर यंदाच्या मे महिन्यापर्यंत जात होते!

पंप दुरुस्त करणारा जोतीराम बारा वर्षांपूर्वी बायकोला कोल्हापुरात टाकून शिरोळला गेला आणि तिथं त्यानं दुसरा संसार थाटला. नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली. पण दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या खात्यातून बाळाबाईच्या खात्यात चारशे रुपये वळते व्हायचे, त्यात कधी खंड पडला नाही. बँकेच्या भाषेत ही स्थायी सूचना. पूर्वी तिचं जाडजूड रजिस्टर होतं आणि त्याची मालकीण होती शिवलीला. तिचा एक खाक्या होता. दर मार्चला खातेदारानं समोर येऊन सही करायची, तरच पुढचं वर्ष चालू. मॅनेजर हसायचे, खातेदार वैतागायचे. जोतीराम मात्र ग्रीसचे हात पुसत इमानानं यायचा, वर्षाचे पैसे, वर थोडे जास्तच, एकदम भरायचा आणि सही करता करता हळूच विचारायचा, "येती न्हवं ती? बरी हाय न्हवं?"

एप्रिलच्या पाच तारखेला बाळाबाई विचारायची, "मालक सही करून गेलं का?"

गेले, म्हटलं की तिचा चेहरा खुलायचा. एवढ्यावर त्या दोघांचा संसार चालला होता.

मग २००३ साली कॉम्प्युटर आला. शिवलीलानंच हौसेनं सगळ्या सूचना त्यात भरल्या. सूचना कधी थांबवायची ती शेवटची तारीख विचारणारी चौकट मोकळी सोडली आणि जोतीरामला ऐटीत सांगितलं, "आता सहीला यायचं काय काम न्हाई. तुम्ही गावात असा, नसा, पैसे आपोआप जातील."

"झ्याक झालं की!" तो म्हणाला होता.

यंदाच्या मार्चमध्ये तो आला नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"बोला की ताई. का बंद केलं त्येनी? माझं काय चुकलं?"

शिवलीला काउंटरबाहेर आली, तिला बाकावर बसवलं आणि शेजारी बसून सांगून टाकलं. "बाळाबाई, ते गेले. गेल्या वर्षीच, चैत्रात."

"कायबी काय बोलताय? मे म्हैन्याच्या पाचला पैसं आल्यात की त्येंचं!"

"मशिननं पाठवले. मशिनला कुणी सांगितलंच नव्हतं."

"मला तरी कुणी सांगितलं?"

बाळाबाईचा हात आपोआप हिरव्या बांगड्यांवर गेला. बराच वेळ ती त्या चाचपत राहिली.

"गेल्या पुनवंला वडाला दोरा गुंडाळला की हो मी," ती म्हणाली. "गेल्या साली बी. दोन वडपुनवा... दोनी येळंला उपास धरला."

शिवलीलाला रडू फुटलं. "माझी चूक झाली. मी ती सही बंद केली."

बाळाबाईनं तिच्याकडं पाहिलं.

"शेवटच्या खेपंला इचारलं का त्येनी? बरी हाय का म्हणून?"

शेवटच्या खेपेला जोतीराम पलीकडच्या खिडकीवर पैसे भरून गेला होता. शिवलीलानं मशिनमधून मान वर काढली नव्हती.

"विचारलं," ती खोटं बोलली.

बाळाबाईनं मान हलवली. पासबुक उचलून पिशवीत नीट ठेवलं. मग उठली, एका तळव्यानं कपाळावरचं कुंकू झाकून घेतलं आणि तशीच गर्दीतून वाट काढत दाराबाहेर पडली. बघणाऱ्याला वाटावं, बाईच्या डोळ्यांवर ऊन येतंय. बाहेर आभाळ भरून आलं होतं.