एकतिसाव्या डबीतली मूठ

जुनं यंत्र कधी मरत नाही. ते फक्त योग्य हातांची वाट पाहत पडून असतं. हे वाक्य माझं स्वतःचं असून मी ते मागच्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवलं आहे. आधी बाहेरच्या बाजूने होतं, ते बायकोने काढायला लावलं. तिचं म्हणणं, यंत्रं वाट पाहत असतील तर खुशाल पाहू देत, पण पाहता पाहता ती तेल गाळतात आणि ते तेल माझ्या चपलांना लागून स्वयंपाकघरापर्यंत येतं.

त्या खोलीत तेवीस चेनसॉ आहेत. हे झाडं पाडायचं मशीन. लांब पात्याभोवती दातेरी साखळी फिरते आणि आवाज असा की शेजारी घर विकायचा विचार करतात. माझे सगळे चेनसॉ माझ्या वयाचे किंवा माझ्याहून मोठे. ते मी भंगारवाल्यांकडून आणतो, बंद पडलेल्या वखारींतून आणतो, वारलेल्या लाकूडतोड्यांच्या घरांतून आणतो. त्या घरांतल्या बायका घासाघीस करत नाहीत. एकीने तर मशीन स्वतः उचलून माझ्या गाडीत ठेवलं आणि मी वळण घेईपर्यंत दारात उभी राहिली, परत घेऊन येतो की काय म्हणून.

मी ते खोलतो, गंज काढतो, मूळ रंग देतो आणि फळीवर मांडतो. माझ्याकडे आल्यापासून त्यातल्या एकानेही काडी कापलेली नाही. मूळ साखळी एकदा लाकडाला लागली की ती मूळ राहत नाही. मी स्वतः जन्मात एक झाड पाडलेलं नाही. मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे.

झाडं पाडली मामाने. चाळीस वर्षं, वखारीच्या मालकासाठी, डोंगरउतारावर. लहानपणी माझ्या सुट्ट्या त्याच्याच घरी जायच्या आणि संध्याकाळी त्याच्या अंगाला येणारा भुशाचा आणि पेट्रोलचा वास मला जगातला सर्वांत कर्तबगार वास वाटायचा. माझ्या छंदाचं मूळ तिथे आहे असं मी लोकांना सांगतो. मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, वास आवडला होता तर अत्तराचं दुकान तरी काढायचंस.

तर हा मामा एका रविवारी सकाळी गोणपाटात गुंडाळलेलं आपलं मशीन घेऊन माझ्याकडे आला. अकरा किलोचं धूड; एकेकाळी हिरवं असावं. बसने आला होता आणि कंडक्टरने मशीनचंही तिकीट मागितलं होतं म्हणाला. त्याचं काम साधं होतं. त्याच्या घरामागे एक सुरूचं झाड आहे, ते पाडायचं. पुढच्या रविवारी मशीन घेऊन ये, दोघं मिळून पाडू, एवढंच त्याने सांगितलं.

त्या झाडाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. मामीने लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ते लावलं, खिडकीपासून चार पावलांवर, कारण रोप तेव्हा वीतभर होतं. ते वाढलं आणि खोलीत अंधार झाला. सुरू बारा महिने हिरवा, त्यामुळे पान गळून चार दिवस तरी उजेड यावा अशी सोय नव्हती. पाडा पाडा म्हणून ती तीस वर्षं सांगत होती आणि मामा रोज डोंगरावर दुसऱ्यांची झाडं पाडून, दमून घरी येत होता. आता मामी त्याच खोलीत अंथरुणाला खिळली होती. दिवसाउजेडी दिवा लावावा लागायचा. भाड्याचं मशीन घेऊन फिरणारा एक माणूस त्यांच्या गल्लीत होता, पण मामीने त्याला झाडाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या कोणी पाडलं तर मी डोळे मिटून घेईन, उजेड वाया जाईल, असं ती म्हणाली होती.

मी मशीन ठेवून घेतलं. गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे जे येतं ते बिघडलेलंच असतं, असा माझा वीस वर्षांचा अनुभव. मामाने बिघाड काय ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या कामात एक नियम आहे, आणि तो मी इतरांनाही शिकवत असतो: आलेलं जुनं मशीन आधी चालू करून बघायचं नाही. आत काय सुकलंय, काय तुटलंय कोण जाणे. एका झटक्यात सिलेंडरला ओरखडा पडायचा. आधी फोटो, मग खोलणं, मग प्रत्येक भाग वेगळ्या डबीत, डबीवर क्रमांक आणि वर्णन. संध्याकाळपर्यंत मामाचं मशीन छत्तीस डब्यांत गेलं होतं.

एकतिसाव्या डबीत स्टार्टरच्या, म्हणजे झटका देऊन मशीन चालू करायच्या, दोरीची मूठ गेली. कारखान्यातून येते ती मूठ काळी, बोटभर, नेटकी असते. ही लाकडाची होती, हाताने तासलेली, कणसाएवढी जाड, वर सुतळी गुंडाळलेली. असलं गावठी काम मी पुष्कळ पाहिलं आहे. डबीवर लिहिलं: मूठ, मूळची नाही.

पुढचा रविवार गेला. मामाचा फोन आला तेव्हा मी त्याला कार्बोरेटरबद्दल सांगितलं. त्यातला रबरी पडदा कडक झाला होता. नवा पडदा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पण तो आजच्या बनावटीचा. त्या काळचा, कारखान्याच्या पाकिटातला पडदा ज्याच्याकडे होता त्याला जुने चेनसॉ जमवणाऱ्यांच्या आमच्या गटात डॉक्टर म्हणतात. तो जनावरांचाही डॉक्टर नाही. फक्त हातमोजे घालून काम करतो. आमच्या गटात अकरा जण आहेत आणि त्यातले नऊ एकमेकांशी बोलत नाहीत. डॉक्टर माझ्याशी बोलत नसलेल्यांपैकी होता. त्याला मधे माणूस घालून विचारावं लागलं, आणि त्याने पडद्याच्या बदल्यात एक जुना सायलेन्सर मागितला, जो मिळवायला मला तिसऱ्या एकाशी गोड बोलावं लागलं. यात पाच महिने गेले. पाच महिन्यांत माणसं घरं बांधतात, पण त्यांना मूळ सायलेन्सर लागत नाही.

मग रंग. तो हिरवा शेवाळी की पोपटीकडे झुकणारा, यावर गटात दोन महिने वाद चालला. मी बोनेटखालचा, ऊन न लागलेला रंगाचा कपचा भिंगाखाली धरून शेवाळीच्या बाजूने मत दिलं. त्यानंतर माझ्याशी न बोलणारे दहा झाले.

मामा महिन्याला एकदा फोन करायचा. आवाज चढवायचा नाही. झालं का रे, एवढंच. मी म्हणायचो, होईल मामा, घाई करून चालत नाही. तो म्हणायचा, नाही नाही, तुझं तुला कळतं. पुढे तो हवापाण्याचं विचारायचा, जणू आम्ही वेगळ्या खंडांवर राहत होतो. मधलं अंतर बसने सव्वा तासाचं होतं.

त्या काळात मी दोनदा मामीला भेटायला गेलो. दुसऱ्या खेपेला सकाळचे अकरा वाजले होते आणि डोक्यावर पिवळा दिवा जळत होता. खिडकी म्हणजे हिरव्या अंधाराचा एक चौकोन. मामी उशीला टेकून बसली होती. चेहरा एवढासा झाला होता, जीभ मात्र होती तशीच.

"तुझ्या मामाने सगळ्या मुलखाला ऊन दिलं," ती म्हणाली, "फक्त माझी खिडकी सोडून. आणि आता त्याने काम कोणाला दिलं, तर तुला."

मामा दारात उभा होता. थंडीचे दिवस होते आणि त्याने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. मी त्याला म्हटलं, झालंच आहे आता, थोडं राहिलंय.

हे खरं होतं, आणि तेच आता मला टोचतं. डॉक्टरचा पडदा आला होता. कार्बोरेटर बसला होता. खोलीच्या दाराशी नेऊन मी मशीन एकदा चालू करूनही पाहिलं होतं आणि ते तिसऱ्या झटक्याला लागलं होतं. राहिली होती फक्त बाजूची चिठ्ठी, ती कारखान्याच्या नावाची, पिवळ्यावर काळी. तिच्यासाठी एक छपाईवाला तयार झाला होता, पण त्याला त्या काळची अक्षरं पुन्हा रेखायला वेळ हवा होता. चिठ्ठीशिवाय मशीन द्यायला माझं मन होईना. अर्धवट काम घराबाहेर काढणं मला जमत नाही. मशीन पळायला तयार होतं तेव्हा मामी जिवंत होती, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला माहीत आहे, कारण तो आवाज ऐकून ती स्वयंपाकघरातून आली होती आणि म्हणाली होती, "झालं ना? मग आत्ताच घेऊन जा." मी तिला चिठ्ठीचं समजावून सांगितलं. ती हात पुसत आत गेली.

चिठ्ठी सात आठवड्यांनी आली. मामी पाच आठवड्यांनी गेली होती.

मशीन घेऊन मी मामाकडे गेलो तेव्हा त्या खोलीतला पलंग हलवलेला होता. दिवा मात्र लावलेला होता, सवयीने. मी मशीन टेबलावर ठेवलं. खरं सांगतो, इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. हिरवा रंग ओला वाटावा असा, पितळेचे स्क्रू, काळी नेटकी मूठ, पिवळी चिठ्ठी. मामा जवळ आला. मग त्याने मशीनला हात लावला, पण बोटांनी नाही. मनगटाची आतली बाजू त्यावरून फिरवली, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तशी.

"नवं केलंस की," तो म्हणाला. आणि मग, "माझी मूठ कुठंय?"

मी म्हटलं, जपून ठेवली आहे, डबीत आहे, पण ती मूळची नव्हती.

"मूळची कशी असेल. मीच केली होती. बोटं वळेनात म्हणून."

त्याने हात दिव्याखाली धरले. बोटांची टोकं मेणासारखी पांढरी होती. चाळीस वर्षं मशीनचा थरथराट खाल्ल्यावर असं होतं, थंडीत जास्त. मला हे वाचून माहीत होतं. आमच्या गटात त्यावर एक लेखही फिरला होता आणि मी त्याला अंगठा दिला होता.

"मशीन चांगलं होतं रे," मामा म्हणाला. "तुझ्याकडे आणायच्या आदल्या आठवड्यात शेजारच्याने ओढून दिलं, दुसऱ्या झटक्याला लागलं. धरायला मला दोन्ही हात पुरतात. दोरी ओढवत नाही. पण शेजारच्याला किती वेळा सांगायचं, मला ओढून दे म्हणून. आणि ती खिडकीतून बघणार. तू घरचा होतास."

मी विचारलं, मग तेव्हाच का सांगितलं नाहीस.

"मला वाटलं, तू एकदा तरी ओढून बघशील," तो म्हणाला. "कोणीही ओढतं."

खोलीत खुर्चीसारखं काही नव्हतं म्हणून मी उभाच होतो. मी म्हटलं, आत्ता पाडू. साखळी खराब झाली तर होऊ दे. माझ्या तोंडून हे निघालं याचं मला स्वतःला नवल वाटलं. मामाला मात्र साखळी खराब होणं म्हणजे काय ते कळलंच नसावं, त्याच्या लेखी साखळी त्यासाठीच असते. त्याने मान हलवली. आता ऊन कोणाला दाखवायचं, म्हणाला. मशीन घेऊन जा, फळीवर छान दिसेल. मग त्याने चहा केला. कप मात्र मला उचलून घ्यायला सांगितले.

मशीन खरंच छान दिसतं. त्या वर्षीच्या प्रदर्शनात त्याला दुसरं बक्षीस मिळालं, प्रमाणपत्रावर 'मूळ स्वरूप राखल्याबद्दल' असं छापलेलं आहे. पहिलं डॉक्टरला गेलं. मूठ मी पुढच्या फेरीत मामाला नेऊन दिली. त्याने ती हातात घेऊन बघितली, बरी तासली होती म्हणाला, आणि माझ्याच पिशवीत परत टाकली. ती पुन्हा एकतिसाव्या डबीत आहे. डबीवरचं लिहिलेलं खोडून दुसरं काहीतरी लिहावं असं मला अनेकदा वाटलं. काय लिहावं ते सुचलेलं नाही.

यंदा मामा मुलीकडे राहायला गेला आणि घर विकलं. नव्या मालकाला मागे मोकळी जागा हवी होती. सामान हलवायला मदत म्हणून मी त्या दिवशी तिथे होतो. गल्लीतला तो भाड्याच्या मशीनवाला आला, नारिंगी प्लास्टिकचं, हलकं, ज्याला आमच्या गटात कोणी मशीन म्हणणार नाही असं काहीतरी घेऊन. त्याने दोरी ओढली. पहिल्या झटक्याला लागलं. सुरूचं झाड पडायला अठरा मिनिटं लागली, आणि त्यातली चार तो फोनवर बोलत होता.