गुंजा भरलेलं चाक

"अंबाजीभाऊ, गाडा आलाय."

अल्लाउद्दीन मुलाणी उंबऱ्याबाहेरच थांबला. दाराला दार नव्हतंच. अंबाजी सुताराची बायको मुक्ता मानमोडीच्या साथीत गेली, तेव्हा गावात तिरडीला बांबू उरला नव्हता. म्हणून अंबाजीनं दाराची फळी काढून मुक्ताला त्या फळीवरूनच नेलं होतं.

"कुणाचा गाडा?" कुदळीला दांडा बसवता बसवता त्यानं विचारलं. त्या साली टाकवे गावात कुदळींचंच काम जास्त निघत होतं.

"मरीआईचा. दिवाळीत आपुन शिवेपार केलता त्यो. कामशेतच्या वाटंला, वडाखाली आणून ठिवलाय कुणीतरी."

"येडा का खुळा तू? गेलेला गाडा माघारी येतो व्हय?"

"तुमच्या हातचं काम मला वळखू येत न्हाई का?" अल्लाउद्दीननं आवाज उतरवला. "आन भाऊ, वाजतोय त्यो."

अंबाजीच्या हातातला, दांडा तासणारा वाकस थांबला.

तो गाडा त्यानंच केला होता. दसरा ते दिवाळी टाकव्यात घरटी एक माणूस गेलं, तेव्हा दत्तोबा पाटलांनी गाडा करायचं ठरवलं. गुडघ्याएवढा लाकडी गाडा, त्यात देवी, तिची ओटी आणि दहीभात. दोरीनं ओढत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून यायचा. मागं वळून बघायचं नाही. मग त्या गावानं तो त्यांच्या पुढच्या शिवेवर सोडायचा. रोग गाड्याबरोबर पुढं जातो म्हणतात. पुढं म्हणजे कुणाच्या दारात, हे कुणी विचारत नाही. आणि गाडा ज्या वाटेनं गेला, त्या वाटेवर मग गाड्याशिवाय वर्षभर पाऊल टाकायचं नाही, नाहीतर रोग पायाला चिकटून माघारी येतो.

त्या साली आजूबाजूच्या गावांनी शिवेवर काठ्या घेऊन माणसं बसवली होती. मोकळी राहिली ती एकच वाट, नवलाख उंबरे गावाची. आणि उंबऱ्यात अंबाजीची एकुलती एक लेक शालू दिलेली!

नको म्हणायला त्यानं तोंड उघडलंही होतं. पण चावडीवर सगळं गाव गोळा झालं होतं आणि पाटलांच्या मांडीवर त्यांचा नातू तापानं फणफणत होता. उघडलेलं तोंड मिटलं. बरं, गाडा तरी वाईट करावा! वाटेतल्या खिंडीत मोडून पडला असता, सुटली असती कटकट. पण त्या बाबाच्या हाताला वाईट काम येतच नव्हतं, त्याला काय करणार?

गाडा गेला आणि आठ दिवसांत मरणं थांबली. देवी पावली म्हणत गाव कामाला लागलं. पाटलांचा नातू उठून हिंडायला लागला. अंबाजी मात्र रोज संध्याकाळी उंबऱ्याची वाट फुटते तिथपर्यंत जाई आणि तिथूनच परत फिरे. तीन महिने झाले, लेकीचा ना निरोप ना सांगावा. नियम मोडून जावं तर गावाचा शाप लागेल, न जावं तर काळीज जळतंय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

वडाखाली पंधरावीस माणसं नाकातोंडाला धोतराचे सोगे लावून लांबच उभी होती. ऊन उतरलं होतं. गाडा एका अंगावर कलला होता आणि कललेली देवी गावाकडं तिरप्या नजरेनं बघत होती.

"सकाळच्याला दोगांनी दोरी धरली आन टाकून पळाली," पाटील म्हणाले. "म्हनत्यात, आत प्वार हाय. अंबाजी, कलला कशानं त्ये बघ. नीट कर. दिवस बुडायच्या आत पुढं काढायचा."

"पुढं कुटं?"

"कुटं म्हंजे? मागच्या बारीला गेलता तिकडंच. उंबऱ्याला."

तेवढ्यात वारा सुटला. गाडा जरासा डोलला आणि त्यातून आवाज आला, खुळखुळ, खुळखुळ. पाळण्यावरचा खुळखुळा हलवावा तसा. माणसं चार पावलं मागं सरली. कुणीतरी देवीचं नाव घेतलं.

अंबाजी दोन पावलं पुढं गेला. भुताचा आवाज असता तर बरं झालं असतं. हा आवाज त्यानं स्वतः तयार केला होता.

शालूचा मुलगा नथू चालायला लागेल म्हणून त्यानं गेल्या उन्हाळ्यात तीन चाकांचा पांगुळगाडा केला होता. शालू म्हणाली होती, "आबा, पोरगं कुटं हिंडतंय त्ये मला चुलीम्होरं बसून कळाया पायजे." म्हणून त्यानं एका चाकाचा मधला गड्डा, तुंबा, पोखरून त्यात सहा गुंजा भरल्या आणि वर खुंटी ठोकली होती.

तो गाड्याजवळ गुडघ्यांवर बसला. तीन चाकं त्याच्या गाड्याची, मोठी. चौथं लहान, कडेला पोराच्या दातांच्या खुणा असलेलं. आस अगदी घट्ट बसली होती. तो सगळ्याच चाकांना एकाच सामत्यानं भोक पाडायचा.

"आल्लाउद्दीन," तो हळूच म्हणाला, "चालत्या पोराच्या गाड्याचं चाक कुणी काढंल का रं?"

अल्लाउद्दीननं चाकाकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्यानं या साली स्वतःची दोन पुरली होती.

अंबाजीनं खीळ उपसली, चाक काढलं आणि मुंडाशात बांधलं. गाडा धाडकन आडवा झाला.

"आरं, काय करतुयास!" पाटील ओरडले. "गाव मरंल!"

"पाटील, तुमचा नातू हिंडतोय, हिंडू द्या. औक्षवंत हूं द्या. पर ह्यो गाडा म्या केलाय आन त्यो हितनं हलायचा न्हाई." त्यानं वाकस उचलला आणि दोन घावांत आस तोडली. "मी उंबऱ्याला चाललो."

"त्या वाटंनं गेलास तर गावात पाऊल टाकू देणार न्हाई, सांगून ठिवतो!"

"नगा टाकू दिऊ."

तो चालू लागला. गाड्याकडं पाठ केली की मागं बघायचं नसतं, तेवढा एकच नियम त्यानं पाळला. खिंडीपर्यंत मागून पावलं वाजत होती. अल्लाउद्दीन होता.

"तुमी जावा भाऊ," खिंडीत तो म्हणाला. "मी हितं बसतो. कुणी अडवाया आलं तर बगून घीन."

उंबऱ्यात शिरताना दिवस मावळला होता. आळीतली निम्मी घरं ओस पडलेली, त्यांच्या दारांना बोरीच्या फांद्या लावलेल्या. माणूस नाही, कुत्रं नाही. अंबाजी झपाझप चालत होता आणि प्रत्येक पावलाला मुंडाशात गुंजा वाजत होत्या. ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्या बाबानं तेवढं तरी ध्यानात घ्यायला हवं होतं.

शालूच्या घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ ती धावत बाहेर आली. केस सुटलेले, हाताला पीठ.

"नथ्या?"

दारात बाप उभा होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिची नजर त्याच्या काखेतल्या मुंडाशावर गेली.

"पोचलं म्हनायचं," ती म्हणाली.

अंबाजी ओट्यावर बसला. "पोरी, गाडा म्याच केलता. माज्याच हातानं तुज्या दारात..."

"गाडा यायच्या आदीच गेला त्यो, आबा. दोन दिस आदी." शालू त्याच्याशेजारी टेकली. "गाड्याचा काय दोस? मी लांबनंच तुमचं काम वळखलं. हितं त्याचं चाक मोडलं, तवा मीच म्हनलं, माज्याकडं हाय. दुसऱ्या कुनाचं बसलंच नसतं."

"पर त्येचं चाक का दिलंस?"

"हितनं टाकव्याला कोन जाईना. निरोप कुनाजवळ धाडू? म्हनलं, गाडा फिरत फिरत कंदी तरी तुमच्या कानावर जाईल. मंग तरी याल." तिनं पदरानं डोळे पुसले. "तीन म्हैने लावलंसा, आबा."

कोपऱ्यात दोन चाकांचा पांगुळगाडा भिंतीला टेकवून ठेवला होता. अंबाजीनं मुंडासं सोडलं आणि चाक बाहेर काढलं. आतल्या गुंजा हलल्या, तशी शालू दचकून अर्धी उठली आणि पुन्हा खाली बसली.

मग त्यानं चाक दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि दिवेलागण होऊन गेली तरी तसाच बसून राहिला, एकही गुंज वाजणार नाही असा.