राजाच्या बागेतला माळी

"आबा, बाग कोठे शे?"

पारोळ्याच्या किल्ल्याच्या दारात नात मंजीने विचारलं आणि झुलालची जीभ आयुष्यात पहिल्यांदा टाळूला चिकटली. हीच जीभ धुळ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी उपसता उपसता गोष्टी सांगून अख्ख्या रातपाळीला जागं ठेवायची. खंदकात सुसर शे, तिच्या नाकात नथ शे. भुयार शे, त्यात हत्ती शिरला की थेट नाशकाला निघस! झुलालच्या गोष्टीत 'व्हता' नव्हताच. शंभर वर्षांपूर्वी मेलेला राजासुद्धा 'शे', आहेच.

"मरेल मानूसले तरी मरू द्या!" बायको बेबाबाई चिडायची.

मग गेल्या वर्षी मुलगा भटू गेला. ट्रकवर क्लीनर होता, ललिंगच्या घाटात ट्रक उलटला. मंजीला त्या दिवशी शेजारी नेऊन ठेवलं होतं. परत आल्यावर तिने बाबा कुठे म्हणून विचारलं, आणि झुलाल बोलून गेला, "पारोळाना किल्लामा माळी शे. राजा सुटी देत नही." तेव्हापासून तो बाग रोज वाढत गेला. मोगरा आला, कारंजं आलं, भटूच्या हातचे दाणे खाणारा मोर आला.

आता सून तानुबाईचा, मंजीच्या आईचा, पाट म्हणजे दुसरं लग्न ठरलं होतं. उद्या ती पोरीला घेऊन पहूरला नव्या नवऱ्याच्या घरी निघणार. मंजीने हट्टच धरला, "बाबाले सांगीसन जासू."

एसटीत बेबाबाई एवढंच बोलली होती, "तठे नवा मानूस बाप म्हनी उभा राही. पोर कोनता बापनी वाट देखी? तुमनी जीभ, तुम्हीच सांगा."

आत काटेरी बाभळी, ढासळलेल्या भिंती आणि शेळ्या. तानुबाईने तोंडाला पदर लावला. मंजी कोरड्या हौदाच्या काठावर चढली आणि ओरडली, "बाबा वो!"

शेळ्यांनी माना वर केल्या.

"आबा, शेळ्यास्नी बाग खाई टाका का?"

हो म्हणणं किती सोपं! बाग शेळ्यांनी खाल्ला, राजा रागावला, भटूची बदली थाळनेरच्या किल्ल्यात झाली. सगळं जिभेवर तयार होतं. झुलालने बेबाबाईकडे पाहिलं.

"बाग व्हता," झुलाल म्हणाला. भातात खडा लागावा तसा तो शब्द दाताखाली आला.

"अन् बाबा?"

"व्हता."

"आते?"

"आते नही, माय."

मंजी रडली नाही. हौदात पाय सोडून बसली. मग म्हणाली, "राजाले माहीत शे?"

"राजा बी व्हता."

बेबाबाईने डोळ्याला पदर लावला. "तुम्ही राजाले तरी ऱ्हाऊ देवानं व्हतं," ती पुटपुटली.

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईने मंजीच्या हातावर चार शेंगा ठेवल्या. "कोनी आंडेर शे वं तू, कोनी लेक?"

"भटूनी," मंजी म्हणाली. "मना बाबा राजाना बागमा माळी व्हता."

"कोनता राजा?" बाई हसली.

मंजीने आजोबांकडे पाहिलं. झुलालने तिच्या हातातली शेंग घेऊन फोडून दिली.

दुसऱ्या दिवसापासून जिनिंगमधली रातपाळी डुलक्या घेऊ लागली.