आधी नीच ठरवा

दसऱ्याला माझा गाळा पावडर कोटिंगवाल्या मारुतरावाच्या ताब्यात जाणार होता. माझा म्हणजे कागदोपत्री बापाचा. चिखलीत आमच्या शेताचा जो तुकडा विकायचा राहिला, त्यावर यशवंतरावांनी, म्हणजे माझ्या बापाने, पत्र्याचे तीन गाळे काढले. पहिल्यात वेल्डिंग, मधल्यात बुद्धरत्नची लेथ आणि कडेच्या गाळ्यात मी. मी, एक टेबल, एक लॅपटॉप आणि कुरकुरणारा पंखा. सात महिने मी तिथे ब्लॉग काढत होतो. बापाच्या भाषेत, सात महिने मी तिथे बसलो होतो.

बापाने भाडं मागितलं नाही, कमाई किती तेही विचारलं नाही. त्याने जे मागितलं ते जास्त अवघड होतं.

"ज्या धंद्याला बोर्ड न्हाई, त्यो धंदा न्हाई," तो म्हणाला. "दसऱ्याच्या आदी बोर्ड लाव. काय लिव्हायचं ते एका शब्दात सांग. न्हाई सांगता आलं, तर मारुतराव मुहूर्ताला नारळ घिऊन येतोय."

एक शब्द. नेमका तोच माझ्याकडे नव्हता.

त्याआधी नऊ वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. तिथे मॅनेजरला तोंडावर खोटारडा म्हणालो आणि घरी आलो. मॅनेजर खोटारडा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते तोंडावर म्हणणं माझ्या कामात बसत नव्हतं, असं मला लेखी कळवण्यात आलं. मग एका दुपारी मोबाइलवर अर्णव सर भेटले. वय चोवीस. पोत्यासारख्या खुर्चीत रुतून बसायचे आणि घरबसल्या ब्लॉगमधून आयुष्य कसं बदलतं ते सांगायचे. त्यांचं आयुष्य बदललं होतं, कारण माझ्यासारख्या चारशे जणांनी कोर्सची फी भरली होती. हे मला तेव्हा कळलं नाही. मी चारशेतला एक होतो, आणि रांगेतल्या माणसाला रांगेची लांबी दिसत नाही.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "मित्रांनो, आधी आपला नीच ठरवा. ज्याचा नीच ठरला नाही, तो संपला."

मी वहीत लिहून घेतलं. नीच. कानाला आलं तसं लिहिलं. अर्थ एवढाच की सगळ्यांसाठी सगळं लिहायचं नाही, एक कोपरा धरायचा आणि त्याच कोपऱ्यातलं लिहायचं. आमच्या गावात असा कोपरा धरण्याला अतिक्रमण म्हणतात, पण ते असो.

मी कोपरे धरले आणि सोडले. आधी बाल्कनीतली बाग. आमच्या घराला बाल्कनी नाही. मग बिनतेलाचा स्वयंपाक. तो लेख आईने, शालनबाईंनी, वाचला आणि त्या रात्री मला तर्री वाढली नाही. मग सर म्हणाले, पाळीव प्राण्यांना मरण नाही, म्हणजे त्या विषयाला. मी आयुष्यात मांजर पाळलेलं नाही, तरी 'पर्शियन मांजराला अंघोळ कशी घालावी' हा सातशे शब्दांचा लेख लिहिला. त्यावर एकच प्रतिक्रिया आली: दादा, आता हाताला काय लावू? तेव्हापासून नातेवाईक विचारायचे, कुलदीप काय करतो? आई सांगायची, कॉम्प्युटरवर मांजरांचं करतो.

खरं सांगतो, लाज वाटायची. नऊ वर्षं मी शंभरातला एक नापास तुकडा बोटाने ओळखायचो, आणि आता जे मला माहीत नाही तेच लोकांना शिकवत होतो.

दसऱ्याला तीन आठवडे राहिले तेव्हा अर्णव सरांनी तीन वर्तुळांची युक्ती सांगितली. एकात आपली आवड, दुसऱ्यात लोकांची अडचण, तिसऱ्यात पैसा. तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांवर चढतात, तिथे तुमचा नीच. मोठ्ठी काढा, सर म्हणाले, डोळ्यांसमोर राहिली पाहिजेत.

माझ्या आणि बुद्धरत्नच्या गाळ्यांमध्ये पत्रा आहे, पण पुढे ओट्यावर चार फुटांची गिलावा केलेली भिंत आहे. तिच्यावर खडूच्या कसल्यातरी रेघोट्या होत्या. मी ओल्या फडक्याने भिंत लख्ख पुसली आणि तीन वर्तुळं काढली. आवड. अडचण. पैसा. आणि मधल्या जागेत ठळक अक्षरांत, नीच.

बाप संध्याकाळी आला. चष्मा चढवून भिंतीसमोर बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, आता फडकं फेकून मारतो.

"आवड, अडचन, पैसा," त्याने बोट फिरवत वाचलं. "आन मधी नीच. बराबर हाय. आपल्या भावकीचं चित्र काडलंस."

मी समजवायला गेलो की हा माझा नीच आहे, मी तो शोधतोय. बाप म्हणाला, लांब कशाला शोधतोस, तुझा चुलता चऱ्होलीला ऱ्हातो.

तिसऱ्या आठवड्यात बुद्धरत्न माझ्या दारात उभा राहिला, हातात कागद. हा मूळचा परभणीकडचा. दहा वर्षं दुसऱ्याच्या लेथवर काम करून स्वतःची घेतलेला. चाकणच्या दुसऱ्या एका कंपनीला तो बुश पुरवतो. बुश म्हणजे जाड नळीचा तुकडा, आतलं भोक केसाएवढंही चुकून चालत नाही. तर त्या भोकाचं माप सुटलं होतं आणि अख्खा लॉट परत आला होता.

अशा वेळी कंपनी पुरवठादाराला एक फॉर्म पाठवते. त्यात पाच चौकोन असतात आणि पाचही चौकोनांवर एकच प्रश्न असतो: व्हाय? माल का बिघडला? ते का झालं? मग ते तरी का झालं? असं पाच वेळा खणत गेलं की मूळ कारण हाताला लागतं. चाकणपासून भोसरीपर्यंत सगळे याला व्हाय-व्हाय म्हणतात आणि सगळे याला टरकतात.

"कुलदीपभाऊ, व्हाय-व्हाय लिहून दे की," बुद्धरत्न म्हणाला. "मी लिहिलं तर परत पाठवायलेत."

मी म्हणालो, माझा नीच ठरू दे, मग बघू. दसऱ्याला पाच दिवस राहिलेत. तो मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. मी परत घालवला. माणूस स्वतःचा कोपरा शोधायला लागला की त्याला दारात उभा असलेला माणूस दिसत नाही, ही गोष्ट अर्णव सरांच्या कोर्समध्ये नव्हती.

गुरुवारी औद्योगिक भागात विजेची सुट्टी. लेथ बंद, वेल्डिंग बंद, पंखाही बंद. लॅपटॉपची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. बुद्धरत्नने कागद टेबलावर ठेवला आणि समोर उकिडवा बसला. मी वाचला. पाचही चौकोनांत एकच उत्तर होतं: ऑपरेटरचे दुर्लक्ष. खाली उपाय: ऑपरेटरला कामावरून काढले.

माझं डोकं फिरलं. नऊ वर्षं मी हेच वाचत होतो आणि याच्यावरूनच मॅनेजरला खोटारडा म्हणालो होतो. यंत्र चुकत नाही, मालक चुकत नाही, कंपनी तर चुकतच नाही. चुकतो फक्त ऑपरेटर. बुद्धरत्नचा ऑपरेटर म्हणजे भिवा, पन्नाशीचा माणूस. आजवर सहा वेळा कामावरून काढलेला, फक्त कागदावर. त्या क्षणी तो बाहेर ओट्यावर बसून तंबाखू मळत होता.

मी पेन काढलं आणि भिवाला आत बोलावलं. भोक बारीक का झालं? टूलची टिप, म्हणजे कापणारं टोक, झिजली होती. झिजलेली टिप का चालवली? बदलायची वेळ झाली ते कळलं नाही. का कळलं नाही? मोजणी चुकली. मी विचारलं, मोजतोस कसा?

भिवा म्हणाला, "एक ट्रे भरला की खडूनं एक रेघ. वीस रेघा झाल्या की टिप बदलायची. मला लिहिता येत न्हाई, पर रेघ चुकत न्हाई."

"मग मोजणी का चुकली?"

"तेराव्या रेघेवर होतो. गुरुवारच्या सुट्टीनंतर सकाळी आलो तर रेघा न्हाईत. म्हनलं मालकानं टिप बदलून पुसल्या असतील. पुन्यांदा एकपासून धरलं."

"रेघा कुठे मारायचास?"

भिवाने तंबाखूचा हात तसाच उचलून ओट्यावरच्या भिंतीकडे दाखवला. तिथे माझी तीन वर्तुळं होती. मधोमध नीच.

बुद्धरत्नने आधी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिवी द्यायचा त्याचा पूर्ण हक्क होता. दिली नाही, आणि त्यामुळेच जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला, "टाक ना मग ऑपरेटरचं दुर्लक्ष. आदत आहे आम्हाला."

मी पाचवा चौकोन स्वतःच्या हाताने भरला. 'शेजारच्या गाळ्यातील इसम कुलदीप याने स्वतःचा नीच शोधण्यासाठी भिंत न विचारता पुसली, त्यामुळे मोजणी नष्ट झाली. ऑपरेटरचा दोष नाही.' खाली उपाय: रेघा यंत्राशेजारी पाटीवर मारणे, टिप बदलल्याशिवाय पाटी न पुसणे, सदर इसमास फडके न देणे. फोटो काढून पाठवला. मग आम्ही तिघं अंधाऱ्या गाळ्यात बसून चहा प्यायलो. माझ्या वाट्याला अर्धाच कप आला.

शुक्रवारी फोन आला. कंपनीच्या क्वालिटीच्या अरुंधती मॅडम. बुद्धरत्नने घाबरून फोन माझ्या हातात दिला.

मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट मंजूर. लॉट निवडून द्या, चांगला माल घेऊ. मग म्हणाल्या, "पाचव्या चौकोनात शिवी लिहिली आहे का?"

"नाही मॅडम. तो मार्केटिंगचा शब्द आहे. नीच."

"अहो, तो निश आहे."

सात महिने. बाग, स्वयंपाक, मांजर. आणि शब्द साधा बोलायचा कसा, ते कळलं चाकणच्या क्वालिटीतून. मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. पुढे म्हणाल्या, "माझ्याकडे अजून अकरा पुरवठादारांचे ऑपरेटर दुर्लक्ष करून बसलेत. त्यांना तुमच्याकडे पाठवू का?"

त्याच संध्याकाळी मी बसून लेख लिहिला, 'ऑपरेटरचं दुर्लक्ष हे कारण नसतं, ती पळवाट असते.' शब्द मोजले नाहीत. नऊ वर्षांचा राग होता, तो आपसूक मराठीत उतरला. मग कोर्सच्या ग्रुपवर सरांना विचारलं, व्हाय-व्हाय हा विषय धरू का? छोट्या वर्कशॉपवाल्यांना त्यांच्या भाषेत तो लिहायला शिकवायचा. सरांनी काहीतरी तपासलं आणि सांगितलं की हे शब्द इंटरनेटवर महिन्याला शून्य लोक शोधतात, सोडून द्या, मांजरांकडे परत जा.

मी लिहिलं, "शून्य लोक शोधतायत, पण अकरा जण चालत येतायत. मांजर तुम्हीच धुवा." त्यांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं. चारशेचे तीनशे नव्व्याण्णव झाले, एवढाच फरक.

बापाकडे गेलो आणि म्हणालो, शब्द सापडला, बोर्ड करायला टाका.

"काय लिव्हायचं?"

"व्हाय-व्हाय."

"व्हय व्हय, पन काय लिव्हायचं?"

"तेच. व्हाय-व्हाय."

बाप माझ्याकडे संशयाने बघत राहिला, पण एक शब्द मागितला होता आणि मी एक दिला होता. तो शब्दाला पक्का माणूस. त्याने तिथल्या तिथे फ्लेक्सवाल्याला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. लिहून पाठवा असं मी म्हणेपर्यंत गेलासुद्धा.

दसऱ्याच्या सकाळी मी अंघोळ करून पोचलो तोवर सगळं झालं होतं. लेथला झेंडूची माळ, पाटीला हळदकुंकू, माझ्या लॅपटॉपच्या एन्टरच्या बटणावर कुंकवाचं बोट. गाळ्यावर दहा फुटी फ्लेक्स. उजवीकडे बाप, गॉगल लावून, कानाला फोन. माझा फोटो नव्हता. मधोमध सोनेरी अक्षरांत, हातभर उंचीची: व्हय-व्हय. खाली: येथे लिहून मिळेल. त्याखाली: शुभेच्छुक, समस्त गाळेधारक.

मी शिडी शोधायला लागलो. बुद्धरत्नने शिडी मागे ओढली. म्हणाला, राहू दे, लॉट पास झाल्यासारखं वाटायलंय.

तेवढ्यात एक अनोळखी माणूस स्कूटर लावून आला. शर्टाला कुदळवाडीच्या कुठल्याशा वर्कशॉपचं ग्रीस, हातात पाच चौकोनांचा फॉर्म. फ्लेक्सकडे बघून त्याने बिचकत विचारलं, "मॅडमनी पाठवलंय. ते का-का-का विचारतात ते हितंच लिहून मिळतं ना?"

शाळेत मास्तरांनी छड्या मारून माझी गावची बोली सोडवली होती. नऊ वर्षं कंपनीत मी 'हो सर' म्हणत होतो. त्या माणसाला मी म्हणालो, "व्हय." त्याला आत बसवलं आणि आधी त्याच्या ऑपरेटरचं नाव विचारलं.

मारुतराव मुहूर्ताला बरोबर आला. हातात नारळ, बगलेत कुलूप, मागे टेम्पो. दारातली स्कूटर बघून थबकला. बाप फ्लेक्सखाली खुर्ची टाकून बसला होता, फोटोतलाच गॉगल लावून.

"यशवंतराव," मारुतराव म्हणाला, "म्हणजे गाळा गेला का माझा?"

बाप उठला नाही. त्याने फक्त अंगठा डोक्यावर नेऊन वरची सोनेरी अक्षरं दाखवली.