चैनबाई काही मरत नाही

रविवारी दुपारी दातांच्या दवाखान्याचे पडदे ओढले जायचे, पेशंटच्या खुर्चीवरचा मोठा दिवा लागायचा आणि चार सज्जन माणसं रक्त प्यायला बसायची.

खेळ मास्तरांचा. मास्तर शाळेत वगैरे नव्हते, विम्याच्या ऑफिसात होते. माणूस खरंच मेलाय का, आणि मेलाच असला तर त्यात त्याचीच चूक कशी, हे ठरवायच्या खात्यात. पण खेळ चालवायचे म्हणून मास्तर. नियमही त्यांनीच बनवलेले. एक काळवंडलेला गड, त्यात राहणारे व्हॅम्पायर आणि त्यांचं कधीही न संपणारं दुःख. प्रत्येकाने आपापला व्हॅम्पायर तयार करायचा, त्याच्या तोंडून बोलायचं, मारामारी आली की फासे टाकायचे. ज्याचं दुःख मोठं त्याला फासे जास्त.

दवाखाना ज्यांचा, त्या डॉक्टरांचा व्हॅम्पायर मेलेल्या प्रेयसीचा दात गळ्यात बांधून फिरायचा. भाच्याचा व्हॅम्पायर कवी होता. तो बुरुजावर उभा राहून रडायचा आणि रडता रडता कविता म्हणायचा. त्या ऐकून बाकीच्यांनाही रडू यायचं, पण वेगळ्या कारणाने.

तिसरी मावशी.

ही भाच्याची सख्खी मावशी. ब्यूटी पार्लर चालवायची. एक जुना खेळाडू लग्न करून कामातून गेला, जागा रिकामी झाली, म्हणून भाचा तिला "एकदाच चल गं, नुसती बस" म्हणून घेऊन आला. नुसतं बसणं मावशीला जन्मात जमलं नव्हतं.

"तुमच्या व्हॅम्पायरचा शाप काय?" मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"शाप म्हणजे?"

"अमरत्व हो. ती कधी मरणार नाही. म्हातारी होणार नाही. सकाळचा सूर्य तिला दिसणार नाही."

"म्हणजे सकाळी उठायचंच नाही?"

"कधीच नाही."

"तोंडावर सुरकुती नाही, डब्याची घाई नाही, आणि सकाळी उठायचं नाही," मावशीने बोटांवर मोजून पाहिलं. "आणि याला तुम्ही शाप म्हणता? मास्तर, तुमचं घरी सगळं बरं आहे ना?"

तिने बनवली ती सरदारीण चैनबाई. वय तीनशे, दिसायला तिशीची. निजायला रेशमी गादी, बुडायला गरम पाण्याचा हौद, उशाशी व्हायोलिनवाला. रक्तसुद्धा वाटेल त्याचं प्यायची नाही. "बायकोशी भांडून आलेला नको. आंबट लागतो."

आणि तिची चावायची पद्धत! डॉक्टरांचा व्हॅम्पायर सावजाला भिंतीशी रेटून चावायचा. मावशीचा हात मात्र मानेवर गेला रे गेला की धंद्याची सवय जागी व्हायची. चैनबाई आधी सावजाला बसवायची. गळ्याभोवती टॉवेल, मग वाफ, मग मालिश. "कातडी किती कोरडी पडलीये हो! पाणी पीत नाही वाटतं? आता जरासं टोचेल हं." सावज टवटवीत होऊन घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन यायचं.

"मावशी, तो बळी आहे!" मास्तर कपाळ बडवून घ्यायचे. "त्याने किंचाळायचं असतं!"

"किंचाळला तर मान हलते. मग सांगू नका, चुकीच्या जागी चावलात म्हणून."

गडावरच्या दुःखाची पार वाट लागली होती.

मावशीला हा खेळ का हवा होता, ते भाच्याला पक्कं ठाऊक होतं. पार्लर आठवड्यातून एक दिवस बंद असायचं. म्हणजे गिऱ्हाइकांना बंद आणि सासरच्यांना उघडं. दुपारची जेवणं उरकली की जाऊबाई केस रंगवायला यायच्या, मग नणंद भुवया कोरून घ्यायला, आणि तिच्या पाठोपाठ तिच्या सासूबाई टाचांच्या भेगा घेऊन. "तू काय, घरीच असतेस!" हे वाक्य ऐकता ऐकता मावशीचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता ती तोंड वर करून सांगायची, "रविवारी मला काम असतं." जाऊबाईंनीही बजावून ठेवलं होतं, "ते तुझं खूळ संपलं की लगेच कळव. माझी मुळं पांढरी पडलीत."

आणि खूळ संपायची सोय नियमातच होती. ज्याचा व्हॅम्पायर मेला त्याने जागा सोडायची. नवा माणूस तयारच होता. दाराजवळच्या बाकावर, जिथे एरवी पेशंट गाल धरून बसतात तिथे, मास्तरांचा मेव्हणा कित्येक महिने बसून होता. स्वतःचे फासे, स्वतःचा काळा डगला, सगळे नियम तोंडपाठ. दूध तापत ठेवलं की मांजर बसतं, तसा.

त्या रविवारी मास्तर आले तेच ठरवून. हिशेबाचे दिवस असल्यामुळे आठवडाभर कॉम्प्युटरसमोर वाकून वाकून त्यांची मान ताठ झाली होती, आणि स्वभाव तर मुळातच.

"आज गडावर शिकारी येतोय," ते म्हणाले. "तो दगडावर झोपतो. बर्फाच्या पाण्याने आंघोळ करतो. लहानपणापासून हसलेला नाही. बाहेर त्याची फौज उभी आहे. आज कोणीतरी नक्की जाणार." आणि त्यांनी सरळ मावशीकडे पाहिलं.

मेव्हण्याने डगल्याची बटणं लावायला घेतली.

डॉक्टरांनी दिवा लावला. शिकारी बुरुजावर चढला. समोर भाच्याचा कवी, गडावरचा सगळ्यात दुःखी आणि म्हणून सगळ्यात ताकदवान. भाच्याने घसा खाकरला, ओंजळभर फासे उचलले आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "काय उकडतंय! जरा पंखा वाढवा ना."

"दिवा!" बाकावरून मेव्हणा ओरडला. "दिवा लागलाय! दिव्याखाली बोललेलं ते पात्राचं बोलणं!"

हा मास्तरांचा सगळ्यात लाडका नियम. दिवा लागल्यावर तोंडातून निघेल तो शब्द व्हॅम्पायरचा. मागे घ्यायची सोय नाही.

"कवीने वारा मागितला," मास्तर गोड हसले. "बुरुजावर वादळ सुटलं. जन्मभराच्या कविता उडून खंदकात पडल्या. आता दुःख कशाच्या जोरावर करणार?"

"पण मास्तर, मी खरंच..."

"बेशुद्ध. पुढचा!"

डॉक्टर सावध होते. ओठ घट्ट मिटून त्यांनी दोन वेळा शिकाऱ्याला मागे रेटलं. मग मास्तर म्हणाले, "शिकाऱ्याने तुझ्या गळ्यातला, तुझ्या प्रेयसीचा तो नाजूक सुळा हिसकावला!"

"सुळा नाही हो, अक्कलदाढ," डॉक्टर बोलून गेले. "आणि किडलेली होती. कधीच काढायला हवी होती."

"दिवा!" मेव्हणा टाळ्या पिटत म्हणाला.

प्रेमाची शेवटची खूण काढायलाच हवी होती, हे खुद्द प्रियकराने कबूल केलं होतं. डॉक्टरांचं सगळं दुःख एका झटक्यात उतरलं. तेही कवीशेजारी आडवे झाले.

राहिली चैनबाई. ती हौदात होती.

"बाहेर ये, पापिणी!" शिकारी गरजला.

"पाणी गार होईल," मावशी म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. तिने खाली पाहिलं. दुःख शून्य, म्हणून हातात एकच फासा. शिकाऱ्यापुढे ढीग. भाच्याने टेबलाखालून तिचा हात दाबला. मावशीला डोळ्यांसमोर जाऊबाई दिसत होत्या, खांद्यावर टॉवेल टाकून, रंगाची वाटी हातात घेऊन.

"काहीतरी दुःख सांग ना," भाचा कुजबुजला. "एखादंच. आणखी फासे मिळतील."

"चैनबाईला दुःख नाही," मावशी म्हणाली. "खोटं कशाला सांगू? एवढी एकच बाई आहे माझ्या ओळखीची, जिला काही दुःख नाही. तिला नाही मी रडवणार."

मेव्हणा बाकावरून उठला.

मास्तरही उठले. त्यांनी डॉक्टरांच्या ट्रेमधला जीभ दाबायचा लाकडी चमचा, व्हॅम्पायरच्या छातीत ठोकायच्या खुंटीसारखा, वर उगारला. "तीनशे वर्षांची तुझी मौज आज संपली!" आणि अंगावर झडप घालायला त्यांनी झोकात मान वळवली.

कट्.

मास्तर तसेच राहिले. हात वर, मान खांद्याकडे, तोंड उघडं. सगळ्यांना वाटलं, काय अभिनय आहे! भाच्याने तर टाळीसुद्धा वाजवली. पण मानेत उसण भरली की माणसाचा चेहरा कसा होतो, ते मावशीने रोज पाहिलेलं होतं.

"हलू नका," ती उठलीच. "डॉक्टर, खुर्ची मागे घ्या. मास्तर, बसा असे. खांदा सोडा. अहो, सोडा म्हणते ना! खांदा आहे की फळी?"

मास्तरांना पेशंटच्या खुर्चीत आडवं केलं. डॉक्टर सवयीने म्हणाले, "आ करा." मावशीने त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं, बाह्या सारल्या आणि दोन्ही अंगठे मास्तरांच्या मानेच्या मुळाशी रोवले.

आधी मास्तर कण्हले. मग त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो विम्याच्या ऑफिसात कोणी कधी ऐकला नसेल.

"अहाहाहा! तिथेच. तिथेच हो. थांबू नका."

डोक्यावर दिवा लख्ख जळत होता. मावशीची नजर दिव्याकडे गेली. तिथून मेव्हण्याकडे. मेव्हण्याचं तोंड उघडलं होतं. त्याने ते दोन्ही हातांनी दाबून धरलं, कारण आता बोलला असता तर त्याचीच जागा गेली असती.

मावशीने अंगठे उचलले.

"अहो, काय झालं?" मास्तर कळवळले.

"शिकारीबुवा," चैनबाई मऊ आवाजात म्हणाली, "शरण येता?"

"येतो! येतो शरण! दाबा आधी!"

मेव्हण्याचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. बिचारा नियमाचा माणूस. शेवटी त्याच्याने राहवलं नाही आणि दवाखाना हादरेल असा ओरडला, "दिवा! दिवा लागलाय! शिकारी शरण आला! चैनबाई जिंकली!"

भाचा खुर्चीवर चढून नाचला. बेशुद्ध पडलेल्या डॉक्टरांनी शिट्टी मारली. "हा अन्याय आहे," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले. "मी माणूस म्हणून बोललो. शिकारी म्हणून नाही. जरा डावीकडे."

"तुमचाच नियम," मावशी म्हणाली आणि डावीकडे दाबलं.

"गड तुमचा," मास्तरांनी सुस्कारा सोडला. "सिंहासन तुमचं. पण बाहेर फौज आहे. तिचं काय करणार आहात?"

"किती दिवस चालत आलेत बिचारे?"

"पुष्कळ. चिखलातून."

"दरवाजे उघडा," चैनबाईने फर्मान सोडलं. "सगळे हौद भरा. व्हायोलिनवाल्याला उठवा. एकेकाला आत घ्या, पाय गरम पाण्यात, मानेला टॉवेल. जेवण झाल्याशिवाय कोणाला चावायचं नाही. आणि ते बुरुजावरचे काळे पडदे काढा, सुतक असल्यासारखं दिसतं."

मेव्हणा अजून दाराजवळच उभा होता, बटणं लावलेल्या डगल्यात. तो हळूच म्हणाला, "त्या फौजेतला एखादा शिपाई, म्हणजे, मी झालो तर चालेल का?"

मावशीने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "या की. डगला काढा, घामाने भिजलाय. कधीपासून दाराशी ताटकळताय?"

मेव्हणा गोल स्टूल ओढून आत आला. तेवढ्यात मावशीच्या पर्समध्ये फोन वाजला. जाऊबाई. भाचा दिवा बंद करायला धावला, पण मावशीने हातानेच त्याला थांबवलं आणि फोन कानाला लावला.

"संपलं? छे हो, आत्ता तर गड हातात आलाय... नाही, आज नाही. पुढच्या रविवारीही नाही. जाऊबाई, मी तीनशे वर्षांची आहे आणि माझ्या दारात अख्खी फौज आंघोळीला उभी आहे. मुळांचं तुमचं तुम्ही बघा. हवं तर पार्लर उघडं असताना या, नंबर लावून."

तिने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या त्या?" भाच्याने घाबरत विचारलं.

"म्हणाल्या, तीनशेची वाटत नाहीस," मावशीने बाह्या पुन्हा सारल्या. "चेहऱ्याला काय लावतेस, विचारत होत्या. हं मास्तर, मान सरळ झाली असेल तर उठा आता. पुढच्या शिपायाला सोडा आत. आणि बूट बाहेर काढायला सांगा."