शेपटीची पुडी

ताईला आपलं काम लोकांना समजावून सांगता येत नसे, म्हणून ती सांगायचंच टाळायची. बाबांना मात्र तिने एकदा सांगून पाहिलं होतं. लोक सर्च इंजिनला काहीबाही विचारतात, त्यांच्यापुढे दहा उत्तरं येतात, ती उत्तरं कितपत कामाची आहेत ते बघून ती शेरे मारते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे विचारणारा वेगळा, सांगणारा वेगळा आणि तू नुसती पेपर तपासणार." याहून नेमकं ताईलाही सांगता आलं नसतं.

शेरे चार होते. पूर्ण भागतं, बरंचसं भागतं, जेमतेम भागतं, भागत नाही. एका प्रश्नाला अडीच मिनिटं. विचारणारा कोण, कुठला, हे कळायला वाव नव्हता. त्याची भाषा दिसे आणि त्याने टाइप केलेली ओळ, जशीच्या तशी. सकाळी आठ ते दुपारी दोन, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून चार वर्षांत लाखाच्या वर ओळी तिच्या नजरेखालून गेल्या होत्या. मांजर रुसलं आहे हे कसं ओळखावं. साहेबाला खरं वाटेल असं एका दिवसाचं आजारपण. नवरा झोपेत हसतो, काळजीचं आहे का. कामाच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं की विचारणाऱ्याची गरज बघा, विचारणारा शोधू नका, आणि इथली एकही ओळ बाहेर सांगू नका. ताई नियमाला पक्की होती. हसू आलं तरी ती एकटीच हसायची.

दुपारी दोननंतर मात्र ती स्वतः सर्च इंजिनच्या चौकटीत एक नाव टाकायची. धाकट्या भावाचं. घर सोडून त्याला अकरा वर्षं झाली होती आणि आईबाबांनी त्याचं नाव ठेवलं होतं ते इतकं साधं, की त्या नावाचा एक दंतवैद्य निघे, एक फुटबॉलचा पंच, एक केव्हाच वारलेला मास्तर आणि पुढे पानंच्या पानं भरून परके चेहरे. इतक्या माणसांत तेवढा तो नव्हता. आपल्या कामावर शेरा मारायची वेळ आली तर काय मारायचा, हे ताईला पाठ होतं.

त्या दिवशी सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला पुढची ओळ आली.

शेपटीची पुडी कशी बांधायची डोळे आधी रंगवायचे का नंतर

ताईने ती वाचली आणि तिचा हात माउसवरून सुटला.

बाबा चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते. खलात गोळ्या कुटायच्या, भुकटीचे सारखे भाग करायचे आणि कागदाच्या चौकोनात बांधून द्यायचे, हे त्यांचं काम. बाकीचे कंपाउंडर साधी पुडी बांधत. बाबांच्या पुडीला एका बाजूला कागदाचं टोक बाहेर ठेवलेलं असे. ते ओढलं की पुडी अलगद उघडायची आणि भुकटीचा कणही सांडायचा नाही. औषध नको म्हणून हातपाय झाडणारी पोरंसुद्धा शेपूट ओढायच्या लोभाने तोंड उघडत. आता अशा पुड्या खाल्लेली माणसं हजारांनी असतील. पण डोळे होते ते फक्त घरच्या पुड्यांना. ताई आणि धाकटा आजारी पडले की बाबा कागदावर पेन्सिलीने दोन ठिपके देत आणि घड्या घालून झाल्यावर पुडी त्यांच्याकडे टक लावून बघत असे. दवाखान्यात रांग लागलेली असताना असले लाड करायला वेळ कुणाला होता? डोळ्यांची पुडी जगात दोनच पोरांनी पाहिली होती, आणि त्यांतलं एक पोर इथे टेबलापाशी बसलं होतं.

उत्तरं दहा आली होती. पुड्या भरायचं यंत्र, पतंगाची शेपूट, कागदी कोल्हा, डोळ्यांचे थेंब कसे घालावेत. ताईने दहाही ठिकाणी 'भागत नाही' हा शेरा मारला. उत्तर मला माहीत आहे, असं लिहायला रकाना नव्हता. तिची साडेसहा मिनिटं गेली होती. पडद्यावर वेळेची ताकीद लाल होऊन लुकलुकत होती.

खरं म्हणजे उत्तर तिलाही अर्धंच माहीत होतं. लहानपणी तिने बांधलेली पुडी चुरगळलेल्या तिकिटासारखी दिसायची आणि बाबा तिला हसत. बोटं होती ती धाकट्याची. चौदाव्या वर्षापासून तो दवाखान्यात बाबांच्या शेजारी बसून पुड्या बांधायचा. शेवटची, शेपूट अडकवायची घडी मात्र बाबा स्वतः घालत. ती चुकली तर पुडी खिशातच उघडते, म्हणून. पुढे एकदा धाकट्याकडून दोन रोग्यांच्या पुड्यांची अदलाबदल झाली. एका म्हाताऱ्याला दोन दिवस जुलाब झाले, त्यापलीकडे काही घडलं नाही. पण बाबांनी भरल्या रांगेसमोर त्याला सांगितलं, उद्यापासून पुडीला हात लावायचा नाही. त्याने लावला नाही. महिन्याभरात त्याने घरही सोडलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

दुपारी जेवणं झाल्यावर ताईने चार वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला आणि ती ओळ बाबांना वाचून दाखवली.

बाबांनी दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, दवाखान्यातल्या कुठल्यातरी रोग्याचं पोर असेल.

"रोग्यांना डोळे कुठे माहीत आहेत, बाबा?"

यावर बाबा उठून हात धुवायला गेले. आधीच धुतलेले हात त्यांनी बराच वेळ धुतले.

ताईचा बेत सरळ होता. इतकी वर्षं ती दुसऱ्यांची पानं तपासत आली होती. कुठलं पान सापडतं आणि का, हे तिला कळत होतं. त्याने वापरलेलेच शब्द घालून एक पान लिहायचं, सोबत बाबांच्या हातांचा व्हिडिओ लावायचा आणि तो पुन्हा विचारील तेव्हा त्याच्या पुढ्यात ते यावं म्हणून वाट बघायची. बाबा तयार झाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी टेबलावरचं जुनं बिल घेऊन त्याचा चौकोन फाडला, एवढंच. ताईने मोबाइल धरला. बाबांचे हात आता कापत होते, पण कागद हातात आला की ते कापणं घड्यांमध्ये कुठेतरी जिरून जाई. दोन ठिपके, मधोमध साखरेची चिमूट, एक घडी, दुसरी, तिसरी. शेपूट अडकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी पुडी खाली ठेवली.

"पुढची घडी?" ताईने विचारलं.

"ती अशी दाखवायची नाही. हवी असेल तर येऊन शिकावी."

ताईने वाद घातला नाही. खरं सांगायचं तर तिला ते पटलंच. संपूर्ण उत्तर मिळालं तर माणूस कशाला वळून बघेल? तिने पानाच्या शेवटी लिहिलं की शेवटची घडी समोरासमोरच शिकवली जाते, विचारायचं असल्यास फोन करावा, आणि खाली घरचा नंबर दिला.

पहिले काही आठवडे त्या पानाकडे कुणी फिरकलं नाही. कोण किती वाजता येऊन गेलं याचे आकडे पानामागे दिसत, तिथे रोज एकच माणूस दिसे आणि ती ताई असे. फोन एकदाच आला. बाबांनी पहिल्या घंटेलाच उचलला, म्हणजे ते फोनजवळच बसून होते. पलीकडे पुड्या भरायची यंत्रं विकणारा एक जण होता आणि रोजच्या किती पुड्या निघतात ते विचारत होता. बाबांनी त्याला शांतपणे सांगितलं की पूर्वी दोनशे निघायच्या, सध्या धंदा मंदा आहे. फोन ठेवल्यावर ते तिथेच बसून राहिले.

तीन महिन्यांनी तीच ओळ ताईकडे परत आली. यात नवल काही नव्हतं; जुने प्रश्न मधूनमधून पुन्हा तपासायला पाठवायचे अशी रीतच होती. उत्तरांत यंत्र होतं, कोल्हा होता आणि चौथ्या क्रमांकावर तिचं स्वतःचं पान.

ताईने ते उघडलं. आजवर तिने ते मालकिणीच्या नजरेने पाहिलं होतं; आज शेरा मारायला बसलेल्या बाईच्या नजरेने पाहिलं. विचारणाऱ्याला काय हवं आहे? पुडी. पुडी कोण बांधतं? ज्याच्या घरी औषध न घेणारं मूल आहे तो. त्याला काय मिळतं? तीन घड्या आणि एक अट. अशा पानांविषयी पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं होतं: उत्तर रोखून धरून माणसाला आपल्याकडे ओढणारं पान. तिने अशी हजारो पानं खाली ढकलली होती आणि त्यांच्या मालकांची तिला कधी दया आली नव्हती.

तिचा हात 'भागत नाही' वर गेला आणि थांबला. स्वतःच्या पानावर शेरा मारायचा नाही, हाही नियम होता. तिने 'काम परत' हे बटण दाबलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: चौथं पान माझं आहे. दोन मिनिटांत वरून कोरडं उत्तर आलं. नोंद घेतली आहे, हा प्रश्न यापुढे आपल्याकडे येणार नाही.

तो पुन्हा विचारतो की नाही, हे कळायची तेवढी एकच फट होती. ती तिने आपल्या हाताने बुजवली होती. ताई खुर्चीतून उठली. मग मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेली. बाबा कॉटवर पेपर वाचत होते.

"बाबा, ही पुडी कुणी स्वतःसाठी बांधतं का?"

बाबांनी पेपर खाली केला. तिला काय म्हणायचं आहे ते त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. बहुधा ते तीन महिने त्यांच्या ध्यानात होतंच.

"केवढं असेल?" त्यांनी विचारलं.

"शेपूट ओढण्याएवढं."

बाबांनी पेपराचा कोपरा फाडला, पण तो कागद पातळ म्हणून टाकून दिला आणि टेबलाच्या खणातून पांढरा मागितला. या वेळी ते थांबले नाहीत. शेपूट अंगठ्याने आत सारून अर्ध्या नखाएवढी मागे वळवायची, इतकंच होतं ते. अकरा वर्षं बापलेकांमध्ये अडकून राहिलेली गोष्ट चार सेकंदांत झाली. ती त्यांनी दोनदा दाखवली, दुसऱ्यांदा सावकाश, आणि मोबाइलकडे न बघता म्हणाले, "डोळे आधी. कागदाच्या उलट्या बाजूला."

ताईने अटीची ओळ काढून टाकली. नंबर ठेवू का, असं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "काढ. त्याला पाठ आहे. आपण कुठे बदललाय?"

पुढच्या महिन्यात एका सोमवारी पानामागच्या आकड्यांत ताईखेरीज कुणीतरी दिसलं. सकाळी साडेआठला एकदा, दुपारी दीडला एकदा, रात्री आठला एकदा. मंगळवारी तसंच. व्हिडिओ पहिल्या दिवशी सात वेळा मागेपुढे करून पाहिलेला होता, दुसऱ्या दिवशी तीन वेळा, नंतर एकेकदाच. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. शनिवारी कुणी आलं नाही. रविवारीही नाही.

फोन वाजला नव्हता. ताईने ते आकडे कागदावर उतरवून बाबांच्या पुढे ठेवले. आकड्यांवरून काही म्हणजे काही सिद्ध होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बाबांनी चष्मा लावला. चाळीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचताना धरत तसा त्यांनी तो कागद उजेडाकडे धरला आणि बोट ठेवत वरपासून खालपर्यंत गेले.

"दिवसातून तीनदा," ते म्हणाले. "पाच दिवस."

मग शनिवारच्या रिकाम्या जागेवर त्यांचं बोट थांबलं.

"बरं वाटलेलं दिसतंय पोराला."

तो कागद त्यांनी चौकोनी फाडून घेतला, उलटा केला आणि खिशातली पेन्सिल काढली.